सातपुड्याचं रान, डच उजेड: टॅब्लेटवर जंगल रंगवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला माझ्याकडे शनिवार-रविवारी टॅब्लेटवर चित्रं काढायला शिकायला मुलं येतात, दोन निवृत्त शिक्षकही येतात. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांची रानं समोर ठेवून आम्ही आपली सातपुड्याची रानं रंगवतो. दर नव्या तुकडीला तेच प्रश्न पडतात, फोनवरही तेच विचारले जातात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

जंगल आपलं, मग चित्रकार हॉलंडचे कशाला?

कारण झाडाकडे झाड म्हणून बघायला त्यांनी मला शिकवलं. त्यांच्या आधीच्या युरोपीय चित्रांत झाडं बहुतेक वेळा संतांच्या, देवदेवतांच्या कथांमागे पडद्यासारखी उभी असत. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये निसर्गचित्र हा स्वतंत्र विषय झाला आणि व्यापारी, कारागीर अशी साधी माणसंही घरात लावायला ही चित्रं विकत घेऊ लागली. कुठला राजा नाही, चमत्कार नाही. एक चिखलाची वाट, डबकं, वठलेला ओक आणि वर ढग. चित्र एवढ्यावर उभं राहतं.

आपल्याकडे रानाचं चित्र म्हटलं की अजूनही डोंगर, मधून नदी, मागे सूर्य असं काढलं जातं. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलानंही तेच काढावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी कुणाची चित्रं पाहू?

याकोब व्हान राउस्डाल. हार्लेमचा, जन्म १६२८ किंवा १६२९, मृत्यू १६८२. जंगल रंगवायचं असेल तर सहा महिने फक्त याच्याकडे पाहिलंत तरी चालेल. त्याची झाडं कोणत्या जातीची आहेत हे जाणकाराला ओळखता येतं. ओक म्हणजे ओक, बीच म्हणजे बीच (दोन्ही तिकडच्या रानातली झाडं). खोडाचा पीळ, सालीच्या भेगा, फांदी कुठून मोडली आणि मोडल्यावर झाडानं काय केलं, सगळं दिसतं.

त्याचा शिष्य माइंडर्ट हॉब्बेमा (१६३८ ते १७०९) जरा प्रसन्न आहे. त्याच्या रानात ऊन जास्त, वाटा जास्त, झाडांमधून पलीकडचं घर दिसतं. १६६८ मध्ये त्याला ॲम्स्टरडॅममध्ये दारूच्या पिंपांची मापं तपासायची नोकरी लागली, त्यानंतर त्यानं फार थोडी चित्रं काढली. पण १६८९ मधलं मिडलहार्निसच्या रस्त्याचं चित्र त्या थोड्यांतलंच आहे: दोन्ही बाजूंना उंच, खालून छाटलेली झाडं आणि मधून सरळ जाणारी वाट. चोपड्याहून लासूरकडे जाताना कडुनिंबांच्या रांगा लागल्या की मला दर वेळी ते चित्र आठवतं.

रंग कमीत कमी वापरायला शिकायचं असेल तर यान व्हान गोयेन. सोनेरी संध्याकाळ हवी तर आल्बर्ट काउप. दाट, अंधारं, आत ओढून घेणारं रान हवं तर यांच्या आधीच्या पिढीतला गिलिस व्हान कोनिंक्सलो.

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं आपली चित्रं मोठ्या आकारात फुकट उतरवून घ्यायची सोय ठेवली आहे. मोबाइलवर नका पाहू. मोठ्या पडद्यावर एकच कोपरा मोठा करून पाहा, नुसती एक फांदी.

मग मी ओक रंगवू की साग?

साग. किंवा अंजन, सालई, मोह, धावडा, पळस. जे पाहिलंय ते.

हे मी स्वतः चुकून शिकले. पहिली दोन वर्षं मी ओकच काढत होते, राउस्डालचाच. एकदा माझी मावशी शिरपूरहून आली होती. तिनं पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘हाई झाड कसानं शे?’ (हे झाड कशाचं आहे?) मला सांगता येईना. ओक म्हटलं तर तिनं तो पाहिलेला नव्हता, आणि खरं म्हणजे मीही नव्हता. त्या दिवशी ती फाइल बंद केली आणि दुसऱ्या दिवशी स्केचबुक घेऊन अंजनाखाली जाऊन बसले.

अंजन हे आपल्या खानदेशी रानाचं झाड. त्याच्या पानाला दोनच दलं असतात. आपट्याच्या पानासारखी, पण जोडलेली नसतात, देठाशी अगदी सुटी. त्यामुळे वाऱ्यावर ती दोन दलं वेगवेगळी हलतात आणि झाडाचा रंग क्षणाक्षणाला राखट हिरवा, मग चंदेरी, पुन्हा हिरवा होतो. फांद्यांची टोकं बारीक असतात आणि खाली झुकतात. चैत्रात नवी पालवी तांबूस येते. चाऱ्यासाठी फांद्या तोडलेल्या असल्या तर बुंध्यावर गाठी धरतात, आणि त्या गाठींतून पुन्हा झुपके फुटतात. राउस्डालला हे झाड मिळालं असतं तर त्यानं ओक बाजूला ठेवला असता असं मला वाटतं.

डच चित्रकारांकडून घ्यायची ती त्यांची बारकाईची नजर आणि उजेडाची मांडणी. झाड आपलंच हवं.

त्यांची चित्रं इतकी तपकिरी का दिसतात? तसाच रंग ठेवायचा का?

थोडी तपकिरी ती मुळातच होती आणि बरीचशी काळानं झाली. दोन्हींतला फरक कळला पाहिजे, नाहीतर आपण म्हातारपण रंगवत बसतो.

ते पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात करत नसत. आधी पिवळट किंवा राखट-तपकिरी अस्तर देत, त्यावर तपकिरी छटांत सगळं चित्र बसवत आणि मग रंग चढवत. अस्तर कुठे कुठे उघडंच राही. व्हान गोयेनच्या चित्रांत तर लाकडी फळीचे रेषे दिसतात. ही झाली मूळची ऊब.

बाकीचं काळानं केलं. वरचं वॉर्निश पिवळं पडलं. तांब्यापासून केलेले काही हिरवे रंग तपकिरी झाले. वनस्पतींपासून केलेला पिवळा उडाला, त्यामुळे पिवळा-निळा मिसळून केलेली पानं काही चित्रांत निळसर दिसतात. स्माल्ट म्हणून कोबाल्टच्या निळ्या काचेची पूड वापरत, ती राखाडी झाली. एखाद्या आकाशातला उदास राखाडी रंग चित्रकारानं ठेवलेला नसतोच.

तेव्हा अस्तर जरूर घ्या, पण पूर्ण चित्रावर तपकिरी थर फिरवून ‘जुना लूक’ आणू नका. अस्तराचा रंग आपल्या मातीवरून निवडा. त्यांची जमीन वाळूची होती, फिकट पिवळी. आपली काळी, आणि डोंगराकडे गेलं की मुरमाची. मी मुरमाचा रंग घेते: तांबूस-पिवळा, थोडा मळकट.

हिरव्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. अजिंठा आपल्या वेशीवरच आहे. तिथल्या भिंतींवरचा मऊ हिरवा हा हिरव्या मातीचा, म्हणजे बेसाल्टमध्ये सापडणाऱ्या हिरव्या खनिजाचा आहे. तो हिरवा डोळ्यांत साठवून या आणि मग सॉफ्टवेअरच्या रंगचक्रातला भडक हिरवा पाहा. पुन्हा तो उचलावासा वाटणार नाही.

कोणतं सॉफ्टवेअर, कोणता टॅब्लेट?

क्रिटा. फुकट आहे, चांगलं आहे, आणि त्याचा कारभार पाहणारी संस्था नेदरलँड्समधलीच आहे. आयपॅड असेल तर प्रोक्रिएट. फोटोशॉप आधीच येत असेल तर तेच वापरा.

लॅपटॉपला जोडायचा साधा पेन टॅब्लेट पुरतो. दाब ओळखणारं पेन मात्र हवंच. ८ जीबी रॅम असली की ए-थ्री आकाराचं काम निभतं.

सुरुवात नेमकी कशी करायची?

मी करते ते सांगते.

अस्तराचा रंग भरायचा. त्यावर नवा लेयर, म्हणजे वेगळा पारदर्शक थर, घेऊन एकाच गडद तपकिरी रंगानं सगळं चित्र बसवायचं: काळोख कुठे, उजेड कुठे, मोठं झाड कुठल्या बाजूला. डच लोक या टप्प्याला ‘मृत रंग’ अशा अर्थाचा शब्द वापरत. चित्र अजून जिवंत व्हायचं असतं म्हणून. यात पान काढायचं नाही, साल काढायची नाही. फक्त गोळे आणि पोकळ्या. मुलं इथेच घाई करतात. मी त्यांना दोन अख्खे दिवस याच टप्प्यावर बसवते, आणि ती माझ्यावर चिडतात.

या टप्प्यावर सगळ्यात वर एक राखाडी लेयर ठेवून त्याचा मोड (खालच्या थरात मिसळायची रीत) ‘कलर’ करा. चित्र कृष्णधवल दिसेल. तसं पाहूनही रान कळत असेल तर पुढे जा. कळत नसेल तर हिरवा रंग तुम्हाला वाचवणार नाही.

मग आकाश. आकाश आधी, झाडं नंतर, कारण पानांच्या फटींतून दिसणारं आभाळ आधीपासून मागे असलं तरच खरं वाटतं. मग लांबचं रान, मग मधलं, शेवटी पुढचं मोठं झाड. सावल्यांत खोली आणायला ‘मल्टिप्लाय’ मोडचा, म्हणजे खालचा रंग गडद करणारा, लेयर घ्यायचा आणि अगदी कमी ओपॅसिटीनं (दाटपणानं), दहा-पंधरा टक्क्यांनी, पातळ पातळ रंग चढवायचा. जुने चित्रकार तेलात रंग पातळ करून थरावर थर देत, त्याचीच ही टॅब्लेटवरची रीत. शेवटी उजेडाचे ठिपके. तेवढे जाड, अपारदर्शक, आणि मोजके.

लेयर सात-आठच्या वर नेऊ नका. पन्नास लेयर झाले की माणूस चित्र सोडून लेयरच सांभाळत बसतो.

पानं काढायला तयार ब्रश मिळतात. ते का नको?

कारण तो ब्रश एकच पान हजार वेळा उमटवतो, आणि रानात एक पान दुसऱ्यासारखं नसतं. शिवाय त्या ब्रशांतली पानं बहुतेक मेपलसारखी, ओकसारखी असतात. सातपुड्यात मेपल कुठून आणायचा?

सागाचं पान बघा. पावसाळा सरता सरता त्याला कीड लागते आणि शिरा ठेवून मधलं सगळं खाऊन जाते. पान झाडावरच जाळीसारखं होतं. उन्हाकडे धरलं तर बारीक विणलेल्या गाळणीसारखं दिसतं. कार्तिकातल्या सागाच्या रानात उजेड या जाळ्यांतून गाळून खाली येतो, म्हणून तिथली सावली काळी नसते, तपकिरी-सोनेरी असते. हे कुठल्या ब्रशात मिळणार? त्यासाठी एक साधा गोल ब्रश, एक चपटा, आणि एक कडा फाटलेला खरबरीत ब्रश पुरतो. आधी पानांचा गोळा, मग कडेला पंधरा-वीस सुटी पानं नीट काढायची. बाकीची बघणाऱ्याचा डोळा स्वतः काढतो.

माझ्या चित्रात जंगल आहे, पण उजेड का येत नाही?

बहुतेक सगळीकडे सारखाच उजेड दिलेला असतो म्हणून.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात दुपारी मधल्या खोलीत उभं राहा आणि दारातून अंगणाकडे पाहा. तुमच्याभोवती काळोख, उंबरठ्याची कड थोडी उजळ, आणि अंगण असं पेटलेलं की डोळे दिपतात. पलीकडच्या भिंतीवर पुन्हा सावली. डच जंगलाची मांडणी अशीच असते. पुढे काळोख, त्यात एखादं पडलेलं खोड किंवा डबकं. मध्ये उन्हाचा एक तुकडा, मोकळ्या जागेवर पडलेला. मागे पुन्हा सावली, आणि शेवटी फिकट आभाळ. आपल्याकडे पुढचा काळोख काळ्या जमिनीमुळे आणि काळ्या कातळामुळे आयता मिळतो, आणि मधला उजेड मुरमाच्या वाटेवर फार सुंदर पडतो.

दुसरं कारण सूर्याच्या उंचीचं. हार्लेम ५२ अंश उत्तरेला आहे, चोपडा २१ अंशांवर. डिसेंबरात भर दुपारी तिथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर असतो. आपला ४५. जूनमध्ये आपला तर जवळजवळ डोक्यावरच येतो आणि सावली पायाखाली जाते. त्यांच्या चित्रांतल्या लांब, आडव्या सावल्या दिवसातला बराच वेळ खऱ्याच असत. आपल्याला तशा सावल्या सकाळी सात-आठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर मिळतात. तेव्हा जा. दुपारी बाराचा फोटो घेऊन त्यावर लांब सावल्या काढल्या की चित्र खोटं बोलतं, आणि बघणाऱ्याला नेमकं सांगता आलं नाही तरी ते कळतं.

फोटोवरून काढलं तर चालेल का?

चालेल, पण एका फोटोवरून नको. डच चित्रकारही रानात बसून तैलचित्र पुरं करत नसत. बाहेर रेखाटनं करायची आणि घरी येऊन त्यांतून चित्र जुळवायचं, ही त्यांची पद्धत. झाड एका गावचं, डबकं दुसऱ्या. राउस्डालनं धबधब्यांची कितीतरी चित्रं काढली, पण नॉर्वे-स्वीडनला तो गेला नाही. तिकडे जाऊन आलेल्या अलार्ट व्हान एव्हर्डिंगेनच्या चित्रांवरून त्यानं ते पाणी उचललं. मात्र दगड, झाडं, ढग त्यानं आयुष्यभर जवळून पाहिलेले होते, म्हणून ते पाणीही खरं वाटतं.

आपल्याकडे चाळीसगावला केकी मूस (१९१२ ते १९८९) होते. घराबाहेर फारसे न पडता टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांवर उजेड पाडून त्यांनी निसर्गदृश्यांचे फोटो काढले. त्यांच्या घराचं आता संग्रहालय आहे. चित्र जुळवणं म्हणजे काय हे समजून घ्यायला माझ्या विद्यार्थ्यांना मी तिथे घेऊन जाते.

आभाळ किती ठेवायचं?

मोकळ्या माळाचं चित्र असेल तर दोन तृतीयांश आभाळ, डच लोकांसारखं. रानाच्या आतलं चित्र असेल तर थोडंच, पण ते फटींतून ठिकठिकाणी दिसलं पाहिजे.

माणसं काढावीत का?

लहान काढावीत, काम करणारी काढावीत. राउस्डाल, हॉब्बेमा यांच्या काही चित्रांतली माणसं आणि गुरं आड्रियान व्हान डे व्हेल्डेसारख्या दुसऱ्या चित्रकारांनी काढून दिलेली आहेत. तेव्हा माणूस जमत नाही म्हणून लाजू नका.

पण आपल्या रानात माणसं राहतात. पावरा, तडवी, भिल्ल यांची ती घरं आहेत, शेतं आहेत. रंगीत लुगडं चित्रात छान दिसतं म्हणून बाई उभी करायची नाही. पहाटे मोहाखाली टोपली घेऊन बसलेली बाई काढायची तर ती फुलं कशी वेचते, कमरेत वाकते की उकिडवी बसते, हे आधी पाहून या. आणि फोटो काढण्याआधी विचारा.

जुन्या चित्राची नक्कल केली तर चोरी होते का?

सतराव्या शतकातल्या चित्रांवर आता कुणाचा कॉपीराइट नाही. शिकण्यासाठी नक्कल जरूर करा, मी दरवर्षी एक करते. खाली ‘राउस्डालवरून’ असं लिहा, बस. आजच्या चित्रकाराचं डिजिटल काम उचलणं ही मात्र चोरीच.

एआयला सांगितलं तर दोन मिनिटांत असं चित्र मिळतं. मग शिकायचं कशाला?

एका मुलानं करून दाखवलं होतं. ‘सातपुड्याचं जंगल, डच शैलीत’ असं त्यानं लिहिलं. चित्र गुळगुळीत आलं, पण झाडं सगळी ओकसारखी, आणि एकाही पानाला दोन सुटी दलं नव्हती. तुम्हाला अंजन माहीत नसेल तर ते चित्र बरोबर आहे असंच वाटेल. मला त्याचीच काळजी वाटते.

छापल्यावर चित्र काळं का पडतं?

माझं पहिलं मोठं चित्र असंच गेलं. जळगावला एका दुकानात ए-थ्रीवर छापायला दिलं, हातात आलं तेव्हा पुढचा सगळा काळोख म्हणजे एक काळा डाग. ज्या डबक्यावर मी आठवडा घालवला होता ते दिसतच नव्हतं. पैसे गेले, त्याहून जास्त मन गेलं. चूक बरीचशी माझी होती: मी पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून रंगवत होते. पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही.

आता पडद्याचा उजेड निम्म्यावर ठेवते. फाइल सुरुवातीलाच ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) घेते, ए-थ्री आडव्यासाठी ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल. मोठी छपाई करण्याआधी चित्राचा सगळ्यात गडद कोपरा तीन वेगवेगळ्या उजळपणाचा करून एकाच ए-फोर कागदावर छापून घेते आणि तो कागद दारात, दिवसाच्या उजेडात धरून बघते. फ्लेक्सच्या मशीनवर असलं चित्र देऊ नका. मॅट कागद मागा.

उन्हाळ्यात काम कसं करायचं?

पहाटे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो, लॅपटॉप तापतो, पंख्याची हवाही गरम लागते. लाइट कधीही जाते, म्हणून दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह होईल असं लावून ठेवा आणि आठवड्यातून एकदा फाइल दुसऱ्या डिस्कवर घ्या.

रानात कधी जायचं, काय बघायचं?

अभयारण्यात, म्हणजे यावल-पालच्या बाजूला किंवा पाटणादेवीला, वन खात्याची परवानगी घेऊन आणि वाट माहीत असलेला माणूस बरोबर घेऊन जा. एकटं जाऊ नका.

श्रावण-भाद्रपदात आभाळ अगदी डच असतं: मोठे पांढरे ढग, त्यांच्या सावल्या डोंगरावरून सरकताना दिसतात. ढगांचा अभ्यास तेव्हाच उरकून घ्या. सागाला त्याच दिवसांत पांढुरके तुरे येतात. कार्तिकात जाळीची पानं. पौष-माघात सकाळचं धुकं अनेर धरणाच्या काठावर, तिथे व्हान गोयेनची आठवण ठेवून दोन-तीन रंगांतच काम करून पाहा. फाल्गुनात पळस फुलतो, आणि सगळेच तो काढतात. मी म्हणेन, त्या दिवसांत भुत्या काढा, म्हणजे कांडोळाचं झाड. पानं झडलेली, खोड पांढरं, गुळगुळीत, मागे निष्पर्ण करडं रान. राउस्डालचे वठलेले बीच असेच अंधारातून पांढरे पुढे येतात. संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्या सालीवर गुलाबी रंग चढतो. पाचेक मिनिटं टिकतो, तेवढ्यात रंगांचे ठिपके टिपून घ्या आणि अंधार पडायच्या आत खाली उतरा.